सुपातल्या गोळ्या

प्रिय दिव्याताई,

पाकिटात खेकडा नाई. तू आधी पाकीट कानाजवळ नेऊन हालवलं असशीन, मंग हात लांब करून फाडलं असशीन. एकदा तुह्या खांद्यावरच्या झोऱ्यात खेकडा काय टाकला, तर माह्या हातचं आयुष्यभर काई उघडणार नाई म्हणाली होती. हे उघडलं, बरं केलं. मी अंकुश, करिश्माचा भाऊ. अक्षर समजून घेजो. दहावीच्या मराठीत ज्या मास्तरनं मले नापास केलं त्याचं काई चुकलं नव्हतं. घरी आमी माडिया बोलतो. मराठी मी आश्रमशाळेत थोडी शिकलो अन् बाकीची एटापल्लीच्या बसस्टँडवर, म्हणून बोलतो तशीच लिहून राह्यलो. फोन काऊन नाई केला म्हणशीन. रेंज अजून टेकडीवरच्या खडकावरच येते, अन् त्या खडकावर अर्धं गाव बसून राह्यते. करिश्मा तर तिथीच बसते. तिच्यापुढं हे बोलता येत नाई. अन् फोन कानाले लावला का मले चेव येते, दुसऱ्या मिनिटाले मी तुमच्या डॉक्टरसायबाचा आवाज काढतो. कागदावर आवाज काढता येत नाई, म्हणून कागद.

आधी घरची खबर. तुमचा औषध तपासाचा प्रोजेक्ट बंद झाला अन् जीप यायची थांबली, तसं करिश्माचं दुखणं परत आलं. थंडीत तर असं आलं का मायनं तिच्या पायावर गरम राखेची पोटली फिरवायची अन् मी बाहेर अंगणात लाकडं फोडत राह्यचो. आवाज ऐकू येऊ नये म्हणून. लाकडं एवढी फोडली का माय म्हणे, दोन पावसाळे पुरतीन. बाप मोहफुलं विकून आला. गाव तसंच आहे. आलापल्लीच्या रस्त्यावर सूरजागडच्या खाणीच्या ट्रकांची लाल धूळ तशीच उडून राह्यली. शेजारची बुधरीकाकी जिवंत आहे, म्हणजे जेवते, पाणी आणते. पण सकाळ झाली का आमच्या अंगणाच्या काट्याच्या कुपाजवळ येऊन उभी राह्यते अन् एकच गोष्ट इचारते. माह्या लोकेशच्या डब्बीत काय होतं? औषध का खाली, बिनऔषधाच्या गोळ्या? ते समजल्याबिगर मी मरणार नाई, म्हणते. ताई, त्याच्याचसाठी लिहून राह्यलो. पण ते सांगाच्या आधी तुले एक गोष्ट माहीत पायजे. तुले ती कोणीच सांगतली नाई. लपवली नाई कोणी, फक्त तू इचारली नाई.

तुले आठवते का पहिला दिवस? गावाच्या बैठकीच्या गोटुलात साऱ्यायचं रक्त घेतलं अन् लघवीच्या बाटल्या वाटल्या. मी माह्या बाटलीत पोचूआजाच्या बैलाची भरून दिली. मंग महिन्याभरानं डॉक्टरसायब मले बाजूले घेऊन हळूच म्हणे, बेटा, तुझ्या किडनीचं काहीतरी गंभीर आहे, तुला नागपूरला यावं लागेल. मी म्हटलं, सायब, बैल जीपमधी मावन का? तुले हासू आवरलं नव्हतं. सायब लाल झालते. त्या दिवसापासून मी खरं बोललो तरी त्यायले बैल आठवाचा. तेव्हा मले लय मजा वाटली.

रक्त तपासून दोन नावं निघाली. करिश्मा अन् शेजारचा लोकेश. दोन घरांच्या मधात एक कूप, अन् त्या कुपाले पण आमी जाण्यायेण्याले भोक पाडलं होतं. बुधरीकाकीले तो एकटाच पोट्टा, अन् त्याचा बाप केव्हाचा गेला. तू कागद वाचत गेली अन् मी माडियात सांगत गेलो. रक्ताचा आजार आहे, हाडं दुखतात, नवीन औषध आहे, रोज एक गोळी, सारं सांगतलं. मंग तू वाचलं का एकाले औषधाची गोळी भेटन अन् एकाले औषध नसलेली, दिसाले सारखी, अन् कोणाले कोणती ते तुमाले पण माहीत नाई. मी ते सांगतलं अन् सारं गोटुल हासलं. सुकलूकाका म्हणे, अंकुश, बाहेरच्या लोकायसमोर तरी थट्टा सोड. डॉक्टर माणूस बिमार पोराले खाली गोळी कायले दीन? मी शपथा घेतल्या, कोणी मानलं नाई. शेवटी पोचूआजानं तुह्या हातात माती दिली. तो गावाचा गायता, पुजारी, अन् आमच्या इथी गायतानं दिलेली माती हातात घेऊन कोणी खोटं बोलत नाई. तू माती धरून म्हणाली, तो खरं सांगते, अन् मी तुमच्याशी कधी खोटं बोलणार नाई. तवा कुठी हासणं थांबलं. बायांनी तुह्याकडं असं पाह्यलं, जशी काई तूच बिमार आहे.

कागदावर हे पण होतं का औषधाचा गुण याले महिने लागतात. तू वाचलं, मी सांगतलं. पण ताई, खाली गोळी ऐकल्यावर कोणाच्या कानात दुसरं काई शिरलंच नाई. डब्ब्या आल्या. सारख्या डब्ब्या, सारख्या पांढऱ्या गोळ्या, नंबर तेवढा वेगळा. अन् झालं काय, तर करिश्मा महिन्याभरात सुधरली. शाळेत जाऊ लागली, सुकलूकाकाच्या पोरीच्या लग्नात रातभर नाचली. तिकडं लोकेशचं दुखणं वाढलं. तो दातात गमछा धरून पडून राह्यचा. बुधरीकाकी कुपाजवळ उभी राहून करिश्माले पाह्यची.  भोकातून ताकाचा गडवा द्याची अन् परत जायची. आमाले ते ताक गिळवत नव्हतं.

मंग करिश्माच उठली. आपली डब्बी घेतली अन् पोचूआजाच्या पुढं नेऊन ठेवली. म्हणे, आजा, औषध माह्या डब्बीत आहे, हे मले खाता येत नाई. त्या संध्याकाळी गाव बसलं. मी म्हटलं, डॉक्टर सायबाले इचारून पाहू. कोणी म्हणे, तो बैलवाला तू, तुले कोण उत्तर दीन? पोचूआजानं करिश्माची डब्बी उचलून पाह्यली. मंग म्हणाला,

“डोहातल्या मासोळ्या वाटतो तवा कोणाच्या पानावर गोटे ठेवतो का रे आपण?”

तुले तर माहीत आहे ना. पहिल्या उन्हाळ्यात तू आमच्यासंग डोहावर आली होती. सारं गाव पाण्यात उतरते, मंग सावलीत मोहाची पानं मांडतात, घराले एक पान. जो पाण्यात उतरला नाई त्याले पण. जो मिरची तोडाले तेलंगणात गेला त्याच्या नावाचं पण. रस्त्यानं जाणारा कोणी दिसला तर त्याले पण. तुले पण एक पान भेटलं होतं, अन् झिंगे हालले तशी तू किंचाळली होती. त्या पानावर कमी-जास्त होत नाई, अन् खाली तर कोणतंच पान राह्यत नाई. आमच्याकडं ते पाप आहे. तुमच्या कागदात जसे नियम होते ना, तसा आमचा हा एकच आहे.  सूप आणलं, दोन्ही डब्ब्या सुपात ओतल्या, बुधरीकाकीनं स्वतःच्या हातानं गोळ्या कालवल्या, जसे हरभरे कालवतात तशा. मंग अर्ध्या या डब्बीत, अर्ध्या त्या डब्बीत. तेव्हापासून दर महिन्याले तुमची जीप नाल्यापलीकडं गेली का सूप निघाचं.

तू येऊन गोळ्या मोजाची, बरोबर निघाच्या. रोज घेता का? रोज घेतो. एखादी चुकली का? नाई चुकली. सारं खरं होतं, ताई. कोणाच्या डब्बीतली घेता, असं इचारलं असतं तर तेही खरंच सांगतलं असतं. डॉक्टरसायब तर म्हणे, साऱ्या प्रोजेक्टमधी असं शिस्तीचं गाव नाई. गोटुलापुढं सगळ्यांसोबत फोटो काढला. त्या फोटोत सुकलूकाकाच्या मागं भिंतीले ते सूप टांगलेलं आहे. तुह्याकडं फोटो असन तर पाहजो.

अन् सगळ्यात वाईट गोष्ट माहीत आहे का? गुण आला. सुपातल्या गोळ्या खाऊन लोकेश उठून बसला. हळूहळू हिंडाले लागला. होळीले तर त्यानं अन् मी मिळून तुमच्या ड्रायव्हरच्या सीटखाली लाल मुंग्याचं घरटं ठेवलं, ते मी एकट्यानं ठेवलं असं तुमाले वाटत होतं. करिश्मा पण बरी होती. सारं गाव खूश. पोचूआजा म्हणे, पाहा, वाटून खाल्लं का पुरते.

पावसाळ्यात काय झालं ते तुले अर्धं माहीत आहे. लोकेशच्या छातीत दुखलं, ताप चढला, श्वास घेता येईना. हेमलकसाच्या दवाखान्यात न्याले निघालो. खाट खांद्यावर घेतली, चिखल तुडवत नाल्यावर आलो तर नाला दोन्ही काठ धरून वाहून राह्यला. पाणी उतरन म्हणून बसलो. वरून पाऊस, खाटीवर प्लास्टिक धरलं. बुधरीकाकी त्याचे पाय चोळत होती. लोकेशनं मले जवळ बोलावलं, म्हणे, अंक्या, डॉक्टरचा आवाज काढ ना. मी काढला. बेटा, तुझ्या किडनीचं काहीतरी गंभीर आहे. तो हासला का त्याले धाप लागली, मले कळलं नाई. मी परत काढला. तिसऱ्यांदा काढला तवा काकी म्हणाली, राहू दे आता. पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. आमाले पलीकडं जायाचं काम राह्यलं नव्हतं.

तू आली, काकीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मंग डोळे पुसून त्याच्या डब्बीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, कारण ते तुहं काम होतं. बरोबर निघाल्या. मी तवा तुह्या पाठीमागं उभा होतो. सांगावं वाटलं, पण सुपाची गोष्ट सांगितली असती तर करिश्माच्या गोळ्या बंद केल्या असत्या का काय, हे भेव होतं. थंडीत तुमचे सायब येऊन तशाही बंदच करून गेले. म्हणाले, साऱ्या गावांचा हिशोब लागला, या औषधानं फार फरक दिसला नाई. असं कोणी वाटून खाल्लं असन दुसऱ्या गावात पण, का आमीच, कोण जाणे. मी एकदम म्हणालो, सायब, फरक पडते, मी डोळ्यानं पाह्यला. त्यायनं माह्याकडं पाह्यलं अन् त्यायले बैल आठवला, मले दिसलं ते. डब्ब्या घेतल्या, जीपमधी ठेवल्या. तू खिडकीतून हात हालवला. माहा हात वर झालाच नाई.

तोवर काकी शांत होती. तिले वाटे का औषध करिश्माचं होतं, गावानं अर्धं तिच्या पोराले दिलं, त्यावर तो एक वर्ष जास्त जगला. त्या गोष्टीवर ती उभी होती, जसं घर मेढीवर उभं राह्यते. मंग आलापल्लीच्या बाजारात कोण्या नर्सबाईनं तिले सांगतलं का प्रोजेक्ट संपल्यावर घरच्यानं इचारलं तर सांगाच लागते कोणाले काय दिलं, तो तुमचा हक्क आहे. काकी तिथून आली ते हा प्रश्न घेऊनच. डब्बीत काय ते आपण नुसतं करिश्माचं नाचणं पाहून ठरवलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं, अन् तिले आता शंका येते. जर माह्याच घरात औषध होतं तर? माह्या पोराची डब्बी मीच माह्या हातानं कालवली? तिनं कागदावर अंगठा देला, मले चंद्रपूरले तुमच्या प्रोजेक्टच्या ऑफिसात पाठवलं. मी आलो अन् सांगतलं, ऑफिस बंद होतं. पुन्हा पाठवलं. पुन्हा सांगतलं, सायब सुटीवर आहे. ती म्हणते, अंकुश, तू मस्करी तर नाई करत ना रे? लहानपणापासून मस्करी करून राह्यलो, ताई, आता उत्तर काय देऊ.

करिश्माचं वेगळंच. तिनं इचारणं सोडलं. खडकावर बसून तुह्या फोनची वाट पाह्यते. दुखणं आलं का तोंडातून आवाज काढत नाई, जशी ती सजाच आहे. एकदा मले म्हणे, दादा, माही डब्बी खाली असन तर मी लोकेशचं खाल्लं. मी म्हटलं, पागल आहे का, तू नाचत होती, खाली गोळीनं कोणी नाचते का? ती म्हणे, मले तरी तसंच वाटलं होतं.

अन् मागच्या हप्त्यात डोहाच्या मासोळ्या निघाल्या. पानं मांडली, वाटे पडले. लोकेश नव्हता, पण बुधरीकाकीच्या घराचं पान होतं, भरलेलं. सारे आपापलं पान उचलून राह्यले. काकी तशीच उभी. मंग पोचूआजाले म्हणाली, हळूच, भांडण नाई का काई नाई,

“यातलं खाली पान कोणतं आहे?”

 आजानं मान खाली घातली, ती वर केलीच नाई. काकीनं पान उचललं नाई, तशीच घरी गेली. कुत्र्यायनं ते खाल्लं. तिच्या मागून आणखी दोन घरांच्या बाया पान घेताना आधी शेजारच्या पानात डोकावल्या. ताई, आमच्या डोहावर असं कधी कोणी डोकावलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. ऑफिस बंद नव्हतं, ताई. पहिल्याच खेपेले उघडं होतं. चांगला माणूस होता आत. मले खुर्ची देली, पाणी देलं, काकीचा अंगठा पाह्यला, म्हणाला हा तुमचा हक्कच आहे, अन् कॉम्प्युटरमधी नंबर टाकले. लोकेशच्या डब्बीत औषध होतं. करिश्माच्या डब्बीत खाली गोळ्या. मी हासलो. मले वाटलं आता मले कोणीतरी भेटला, माही मस्करी करणारा. त्यानं कॉम्प्युटर माह्याकडं फिरवून दाखवला. मी इचारलं, सारं खाल्लं असतं तर तो जगला असता का? तो म्हणे, सांगता येत नाही. करिश्माचं दुखणं काऊन थांबलं होतं मंग? म्हणे, कधी कधी थांबते. खोटं बोलला नाई तो. सगळे खरंच बोलले, तू, तो, आमी, गोळ्या मोजणारी अन् गोळ्या वाटणारे. एवढ्या खऱ्यात आमचा लोकेश गेला. मी चंद्रपूरच्या बसस्टँडवर बसून राह्यलो, तीन गाड्या सोडल्या. हे घरी नेऊन कोणापुढं ठेवू? काकीपुढं ठेवलं तर ती त्या दिवशीच संपन. करिश्मापुढं ठेवलं तर ती हळूहळू. खोटं सांगतो म्हटलं, तर मी सांगतलेलं कोण मानते? मी आयुष्यभर खोट्याची अशी नासाडी केली का आज पायजे तवा माह्याजवळ एक पण धड खोटं उरलं नाई. म्हणून तुले लिहून राह्यलो. एकदा ये. तुह्या ब्रह्मपुरीहून लांब आहे, बस लय दणके देते, माहीत आहे. ये, काकीच्या अंगणात बस अन् सांग का लोकेशची डब्बी खाली होती, करिश्माची औषधाची होती, अन् करिश्मानं त्याले अर्धं देलं. करिश्मा कुपाच्या भोकाजवळ उभी राहून ऐकन, तिले वेगळं सांगाचं काम नाई. मंग तुह्या मोठ्या सायबाले सुपाची गोष्ट सांगाची असन तर सांगजो, मी अडवणार नाई, सांगच, ते औषध कोणाच्या तरी कामाचं असन. पण आधी इकडं ये. तू माती हातात घेऊन म्हणाली होती, तुमच्याशी कधी खोटं बोलणार नाई. मी विसरलो नाई. त्याच्याचसाठी तू पायजे, कारण तुहंच खोटं ती गिळन. तुमीच तर शिकवलं, ताई, का खाली गोळी पण देता येते, फक्त देणाऱ्याचा हात भरवशाचा पायजे. आमच्या काकीले एक दे.

तुहाच,
पाकिटात खेकडा न टाकणारा,
अंकुश